निळी ज्योत : गॅसच्या शेगडीचे दोष व त्यांची पारख



अग्नी हा मनुष्याचा फार जुना सोबती आहे. आपल्या घरांतून कोंकणीत त्याला ‘उजो’ म्हणतात व ज्या चुलीवर तो पेटतो तिला ‘रांदण’. या रांदणीची सारी दुखणी आपल्या आज्यांना मुखोद्गत असत. लाकूड ओले असले की धूर होतो, राख साचली की जाळ धरत नाही, फुंकणीने वारा घातला की निखारा फुलतो. एवढे ज्ञान असले म्हणजे चूल चाले. तिच्या दुरुस्तीसाठी कोणी परगावाहून कारागीर आणीत नसे.

आता घरोघरी गॅसची शेगडी आली आहे. भारतात हा इंधनवायू सिलिंडरात भरून विकण्यास १९५५ साली मुंबईत प्रारंभ झाला, तेव्हा तो मोठ्या शहरांतील थोड्या कुटुंबांनाच ठाऊक होता. १९६५ मध्ये कोलकत्यात ‘इंडेन’ची सुरुवात झाली. पुढे १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गरीब कुटुंबांतील गृहिणींच्या नावे जोडण्या मिळू लागल्या. शेगडी घरात आली. परंतु तिची दुखणी ओळखण्याची विद्या मात्र तिच्याबरोबर आली नाही.

आपल्या जोयडा तालुक्यात याचा परिणाम अधिक जाणवतो. येथील वाड्या अरण्यात विखुरलेल्या आहेत. रामनगर किंवा जोयड्यासारख्या ठिकाणाहून कारागीर यावयाचा, तर भर पावसाळ्यात त्याला दिवसामागून दिवस लागतात. तोवर बिघडलेली शेगडी कोपऱ्यात जाते, आई पुन्हा धुराच्या चुलीपुढे बसते आणि पुष्कळदा तेच कायमचे होऊन जाते. हा धूर काही निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. आणि शेगडी कोपऱ्यात जाण्याचे कारण काय असावे? कित्येकदा जेटच्या बारीक छिद्रात अडकलेली एक मुंगी! म्हणून या शेगडीची रचना समजून घेणे, तिचा दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे, आणि आपण कोठवर हात घालावा व कोठे थांबावे हे जाणणे, या तीन गोष्टींचा आज विचार करू.

१. शेगडीची रचना

सिलिंडरातील वायू मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. दाबाखाली तो द्रवरूपाने राहतो. दाब कमी होताच त्याची वाफ होते. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू होतो, यावरून एवढ्याशा टाकीत महिन्याचे इंधन कसे मावते ते कळेल. सिलिंडरातील दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. तो थेट शेगडीत सोडणे म्हणजे धरणाचे पाणी थेट पाटात सोडण्यासारखे होईल. सुपा येथे काळी नदीवर बांधलेल्या धरणाला जशी दारे आहेत, तसे सिलिंडरावर रेग्युलेटर असते. ते हा दाब सुमारे ३० मिलिबारवर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अगदी थोडा अधिक, असा आणून ठेवते.

तेथून वायू रबरी नळीतून शेगडीकडे येतो. आपण चावी फिरविली की तो जेट नावाच्या लहानशा पितळी तोंडातील सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडतो. या वेगामुळे भोवतालची हवा त्याच्याबरोबर बर्नरखालच्या नळीत ओढली जाते. तेथे हवा व वायू मिसळतात व ते मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून वर येऊन जळते. हायडेलबर्ग येथे १८५५ च्या सुमारास बुन्सेनच्या प्रयोगशाळेत जो दिवा तयार झाला, त्याचे तत्त्व हेच होते. विज्ञानाच्या तासाला जो बुन्सेन बर्नर तुम्ही पाहता, त्याची धाकटी बहीण घरच्या ओट्यावर आहे असे समजा.

या ज्वलनास हवा किती लागते? प्रोपेनच्या एका भागास सुमारे २४ भाग, तर ब्युटेनच्या एका भागास सुमारे ३१ भाग. तेव्हा शेगडी वायूवर चालते असे आपण म्हणतो खरे. पण तिला वायूपेक्षा हवेची भूक कितीतरी अधिक असते. हे एक वाक्य ध्यानात ठेवले, तर पुढील अर्धे दोष आपोआप उलगडतील.

२. दोष शोधण्याची रीत

व्याकरणाच्या तासाला आपण वाक्याचे पृथक्करण करतो. वाक्य चुकले असेल तर ते सगळे खोडत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद असे एकेक पद तपासतो व चूक सापडेल तेथेच सुधारतो. यंत्राच्या दोषाचीही हीच रीत आहे. शेगडी पेटेना, की तिला थापट्या मारणे किंवा दिसेल तो स्क्रू सोडविणे म्हणजे पृथक्करणाऐवजी वाक्य पुसून टाकणे होय.

पहिला प्रश्न असा विचारावा : एकच बर्नर बिघडला आहे की दोन्ही? दोन्ही बर्नर मंद असतील किंवा पेटत नसतील, तर दोष शेगडीच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळी यांत असण्याचा संभव अधिक. एक बर्नर नीट जळत असून दुसराच बिघडला असेल, तर दोष त्या बर्नरच्या चावीत, जेटमध्ये, नळीत अथवा डोक्यात आहे. या एका प्रश्नाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

दोन्ही बर्नर मंद असल्यास प्रथम सिलिंडर संपला आहे काय ते पाहावे. यासाठी अंदाज नको, गणित करावे. प्रत्येक सिलिंडरावर त्याचे रिकामे वजन लिहिलेले असते. समजा ते १५.३ किलो आहे. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू भरतात. म्हणजे भरलेला सिलिंडर २९.५ किलो भरला पाहिजे. आज त्याचे वजन १७.३ किलो भरले, तर आत दोन किलो वायू शिल्लक आहे व दोष अन्यत्र शोधावा. सिलिंडर संपत आला की कोणी तो आडवा करतात, कोणी गरम पाण्यात ठेवतात. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, आणि उष्णतेने आतील दाब वाढतो. सिलिंडर नेहमी उभाच असावा.

त्यानंतर नळी पाहावी. ती कोठे मुडपली आहे काय, जड वस्तूखाली दबली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय? नळी भारतीय मानक ब्यूरोच्या शिक्क्याची, आत तारेचे जाळे असलेली असावी. तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि वरून धडधाकट दिसली तरी पाच वर्षांत ती बदलावी. रेग्युलेटरविषयी मात्र नियम सोपा आहे : ते उघडू नये, ठोकू नये, संशय आला तर वितरकाकडून बदलून घ्यावे.

३. ज्योतीची भाषा

वैद्य जसा नाडी पाहतो, तशी ज्योत पाहून शेगडीची प्रकृती ओळखता येते. निरोगी ज्योत निळी, स्थिर, छिद्राला धरून राहणारी व जवळजवळ निःशब्द असते. ती अन्यथा वागू लागली, की तिचे प्रत्येक लक्षण काही सांगत असते.

पिवळी ज्योत : हिचा अर्थ हवा कमी पडते आहे. हवा अपुरी असली की वायूतील सगळा कार्बन जळत नाही. त्याचे सूक्ष्म कण तापून पिवळे प्रकाशतात आणि पुढे भांड्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात. मेणबत्तीच्या ज्योतीचा पिवळेपणा याच कणांचा असतो, हे मायकेल फॅरडे याने लंडनमध्ये मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानांत समजावून सांगितले होते. अशा अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निर्माण होतो. त्याला ना रंग ना वास. म्हणून पिवळ्या ज्योतीकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या भागात याचे नेहमीचे कारण म्हणजे बर्नरखालची नळी चोंदणे. कोळी तेथे जाळे विणतो, मुंग्या शिरतात, आणि घर काही दिवस बंद राहिले तर कुंभारीण माशी मातीचे घरटेही बांधते. उपाय सोपा आहे. रेग्युलेटर बंद करून शेगडी पूर्ण निवू द्यावी. बर्नरचे डोके उचलून नळी जुन्या दातांच्या ब्रशाने किंवा मऊ फडक्याने स्वच्छ करावी. डोके परत बसविताना ते आपल्या खाचेत नीट बसले आहे याची खात्री करावी. तिरके बसलेले डोके हेही पिवळ्या ज्योतीचे एक कारण आहे. मात्र भाताची पेज सांडून किंवा मिठाचा कण पडून ज्योत क्षणभर केशरी झाली, तर घाबरू नये. तो मिठातील सोडियमचा रंग होय. थोड्या वेळाने आपोआप जातो.

तुटक ज्योत : बर्नरच्या काही छिद्रांतून जाळ येतो, काहींतून येत नाही. उतू गेलेले दूध व आमटी वाळून छिद्रे बुजलेली असतात. पितळी डोके चिंचेच्या कोळाने किंवा साबणाच्या पाण्याने घासून छिद्रे टाचणीने मोकळी करावीत. त्यानंतर ते पूर्ण वाळू द्यावे. ओले डोके बसविल्यास ज्योत फडफडते. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा फडक्याने पुसून रात्रभर उघडे ठेवावे.

मंद ज्योत : दुसरा बर्नर चांगला असून एकच मंद असेल, तर त्याच्या जेटमध्ये कचरा असण्याचा संभव असतो. जेटच्या तोंडावरून ब्रश फिरवावा व फुंकर घालावी. एवढ्याने न भागल्यास कारागिराची वाट पाहावी. सुई किंवा दाभण खुपसू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे होते. येथे भूमिती आठवा. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छिद्राचा व्यास एक पंचमांशाने वाढला, तर क्षेत्रफळ १.२ × १.२ म्हणजे १.४४ पट होते. वायू जवळजवळ दीडपट सुटतो, हवा मात्र त्या मानाने येत नाही, आणि बरे करावयास गेलेली शेगडी कायमची पिवळी जळू लागते.

उडणारी ज्योत : ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगते व घोंघावते. येथे वायूचा दाब वाजवीपेक्षा जास्त असतो किंवा हवा अधिक मिसळते. दोन्ही बर्नरांवर असे होत असेल तर रेग्युलेटर सदोष असू शकते. ते बंद करून वितरकाला कळवावे.

मागे फिरणारी ज्योत : ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत बर्नरच्या पोटात, जेटपाशी जळू लागते. चावी ताबडतोब बंद करावी, बर्नर निवू द्यावा आणि डोके नीट बसले आहे काय, ते झिजून छिद्रे मोठी झाली आहेत काय, वाऱ्याचा झोत लागतो काय हे पाहावे. झिजलेले डोके बदलावे लागते.

पेटतच नाही : शेगडीला स्वयंचलित ठिणगीची सोय असेल व ती उडत नसेल, तर बहुधा दोष ठिणगीच्या टोकाला आलेल्या ओलाव्याचा अथवा मळाचा असतो, वायूचा नव्हे. टोक पुसून कोरडे करावे. काडीने पेटविताना आधी काडी ओढावी, मग चावी फिरवावी. हा क्रम उलटला तर मधल्या क्षणांत वायू साचतो.

४. थंड देशांतील भट्टी व आपला गीझर

ज्या देशांत हिमवर्षाव होतो, तेथे तळघरात गॅसची मोठी भट्टी असते. तिने तापलेली हवा नळांवाटे साऱ्या घरात खेळविली जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिचा चांगला परिचय आहे. ती भट्टी थंडीत बंद पडली, तर तेथील कारागीरही हेच तीन प्रश्न विचारतो : इंधन येते काय, हवा येते काय, ठिणगी मिळते काय? तिच्या जुन्या नमुन्यांत एक उपयुक्त युक्ती असते. दोन भिन्न धातूंचा सांधा ज्योतीत तापत राहतो, त्यातून अगदी क्षीण वीज निर्माण होते व ती वायूची झडप उघडी धरते. ज्योत विझली की सांधा निवतो, वीज थांबते आणि झडप आपोआप मिटते.

आपल्या बहुतेक शेगड्यांत ही युक्ती नसते, हे विसरू नये. दूध उतू जाऊन ज्योत विझली, तरी वायू वाहतच राहतो. म्हणून पेटती शेगडी सोडून विहिरीवर किंवा गोठ्यात जाऊ नये.

काही घरांत आता गॅसचे गीझर आले आहेत. ते पेटत नसेल तर प्रथम त्यातील सेल बदलून पाहावेत व पाण्याचा दाब पुरेसा आहे काय ते तपासावे. परंतु ते बंद न्हाणीघरात बसविणे हा दोष सर्वांत भयंकर होय. लहान खोलीतील प्राणवायू संपत जातो, कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि स्नान करणारा माणूस नकळत बेशुद्ध होतो. अशा दुर्घटनांत आपल्या देशात अनेक जीव गेले आहेत. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

५. गळती

आतापर्यंतचे दोष गैरसोयीचे होते. हा प्राणावर बेतणारा आहे. मूळ वायूला वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचे उग्र दुर्गंधीचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास म्हणजे पहारेकऱ्याची हाक समजावी.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. धूर छपराकडे जातो, पण हा जमिनीलगत पाण्यासारखा पसरत जातो. आपल्या पुष्कळ घरांत चूल व शेगडी एकाच स्वयंपाकघरात असतात, आणि चुलीत निखारा सदैव असतो. गळलेला वायू जमिनीवरून सरपटत त्या निखाऱ्यापर्यंत पोहोचला, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून सिलिंडर चुलीपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा, शेगडी ओट्यावर सिलिंडरापेक्षा उंच ठेवावी आणि दाराचा खालचा भाग वाऱ्याला मोकळा असावा.

वास येताच पुढील क्रम पाळावा. सर्व ज्योती विझवून रेग्युलेटर बंद करावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये, तसेच बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडते. सिलिंडरावरचे रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी बसवावी. चुलीत निखारे असतील किंवा वास दाट असेल, तर आधी मुलांना व वृद्धांना घेऊन बाहेर पडावे. नंतर घरापासून दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. ज्या वाड्यांत मोबाइल टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, तेथे शेजारच्या घरांना प्रथम सावध करावे.

वास अगदी अंधूक असून गळतीचे स्थान सापडत नसेल, तर साबणाचा फेस नळीच्या सांध्यांना लावावा. बुडबुडे फुगतील तेथे गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे हा शोध नव्हे, आत्मघात होय. नवा सिलिंडर घेताना तो पोहोचविणाऱ्याकडून वजन व झडपेतील रबरी वॉशर तपासून घ्यावा. तो चिरलेला असल्यास गळती तेथूनच होते. सिलिंडराच्या कड्याखालील पट्टीवरील अक्षरही वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढील आकडा वर्षाचा. ‘बी-२८’ याचा अर्थ या सिलिंडराची पुढील चाचणी २०२८ च्या दुसऱ्या तिमाहीपर्यंत व्हावयाची आहे. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

६. आपली मर्यादा

तेव्हा घरच्या माणसाने काय करावे? पाहावे, पुसावे, घासावे, वाळवावे, नीट बसवावे, वजन करावे, फेस लावून तपासावे. हे सर्व दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने वडीलधाऱ्यांच्या देखत करण्याजोगे आहे. रेग्युलेटर, सिलिंडराची झडप, घट्ट झालेली चावी आणि जेटची अदलाबदल ही मात्र शिकलेल्या कारागिराची कामे होत. घट्ट चावीत खोबरेल तेल घालण्याची सवय काही घरांत आहे, ती सोडावी. तेलाने चावी तात्पुरती फिरते, पण आतील ग्रीस धुपून तेथून वायू झिरपू लागतो.

कारागिराला निरोप धाडतानाही ‘शेगडी बिघडली’ एवढेच सांगू नये. ‘डावा बर्नर पिवळा जळतो, उजवा ठीक आहे, नळी साफ केली तरी फरक नाही,’ असे सांगितले, तर तो योग्य तो भाग बरोबर घेऊन येतो आणि पावसातली दुसरी खेप वाचते. रोगाचे अचूक वर्णन करता येणे हाच अर्धा उपचार होय.

घरी शिक्षण घेणारे तुम्हीच आहात. सिलिंडरावरील अक्षरे व नळीवरील तारीख ज्यांना वाचता येत नाही, अशी वडीलधारी माणसे आपल्या कित्येक घरांत आहेत. त्यांना ती वाचून दाखविणे हे तुमचे काम आहे. या सुट्टीत प्रत्येकाने एवढे केले, तरी आपल्या वाडीतील एखादी आई पुन्हा धुराकडे वळणार नाही.

स्वाध्याय

१. रिकामे वजन १५.८ किलो असलेल्या सिलिंडराचे आजचे वजन २१.५ किलो आहे. शिल्लक वायू किती? तो भरलेल्या वायूचा किती भाग आहे?

२. दोन्ही बर्नर मंद आहेत व सिलिंडर भरलेला आहे. कोणकोणते भाग, कोणत्या क्रमाने तपासाल?

३. गॅसची गळती झाल्यास विजेचे बटण बंदही का करू नये?

४. घरच्या नळीवरील व सिलिंडरावरील तारखा वाचून वहीत उतरवा. मुदत संपली असल्यास घरच्यांना सांगा.